गोव्यात कामाला येताय? हजेरीपत्रकावर तुमच्या नावापुढे काय लिहिलंय ते आधी बघा

गडहिंग्लजहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आलो तेव्हा मी आयटीआय झालेला वेल्डर होतो, पण प्रमाणपत्र राहिलं होतं घरी ट्रंकेत. कंत्राटदाराने विचारलं, "कितीत येणार?" मी घाईने आकडा सांगून मोकळा झालो. पुढचे आठ महिने पाइपच्या जॉइंटला टिग वेल्डिंग मीच करायचो, हजेरीपत्रकावर मात्र माझ्या नावापुढे 'हेल्पर'. शेजारच्या टेबलावर कुडतरीचा एक मुलगा तेच काम करायचा. तो कंपनीच्या पटावर होता आणि त्याचा पगार माझ्या जवळजवळ दीडपट.

गोंयकार (गोव्याचाच) म्हणून त्याला जास्त मिळतो, असं मी धरून चाललो होतो. नीट बघितल्यावर कळलं, तो ड्रॉइंग वाचायचा आणि मी कुणी खूण करून दिली की तिथे जोड मारायचो. एवढा फरक कसबाचा होता, तो मला मान्य आहे. पण बाकीचा? तो संध्याकाळी स्वतःच्या घरी जायचा, भाऊ बोटीवर नोकरीला होता, कमी पैशाच्या कामाला तो नाही म्हणू शकायचा. मला १ तारखेला खोलीचं भाडं भरायचं असायचं.

किमान वेतन तुमचं गाव विचारत नाही, काम विचारतं: अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल. म्हणून तो एक शब्द महत्त्वाचा. 'हेल्पर' लिहिलं की दर अकुशलाचा. त्याच कामाला बाहेरून आणलेल्या कामगाराला कमी मजुरी देऊ नये, हे तर १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातच आलं होतं. तेव्हा मूळ प्रमाणपत्रं सोबत आणा, चाचणी द्यायची तयारी दाखवा आणि नेमणूक लेखी मागा. माझं प्रमाणपत्र भावाने एसटीने पाठवलं. चाचणीचा तुकडा वाकवून बघितला, जोड तडकला नाही. पुढच्या महिन्यात नावापुढे 'वेल्डर' आलं.

पीएफचा यूएएन नंबर (तुमच्या पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) जपून ठेवा. कंत्राटदार बदलला तरी नंबर तोच राहतो. नवीन काढू देऊ नका, जुने पैसे अडकतात. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) कार्ड मागाच, मडगावला त्यांचं हॉस्पिटल आहे.

अजून एक, जरा मनाला लागणारं. आपण स्वस्तात राबलो की इथल्या पोरांचाही भाव पडतो. 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणून जो राग कानावर येतो, त्यात हेही दुखणं आहे. माझ्या आकड्याने मी त्या कुडतरीच्या मुलाचंही नुकसान करत होतो, हे मला फार उशिरा उमगलं.

आणि कोंकणी बोला. गोव्यात मराठी सगळीकडे समजते, म्हणूनच आपली माणसं दहा-दहा वर्षं राहूनही कोंकणी तोंडात येऊ देत नाहीत. मी मोडकीतोडकी बोलायला लागलो आणि तोच मुलगा जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन बसू लागला. शेडच्या फरशीवर खडूने त्याने मला वेल्डची चिन्हं काढून दाखवली: रेषेखाली त्रिकोण असेल तर जोड बाणाच्या बाजूला, वर असेल तर पलीकडे, बाण रेषेला मिळतो तिथे गोल असेल तर चौफेर. पावसाळा संपेपर्यंत मी ड्रॉइंग वाचायला लागलो होतो.