स्वरयंत्र काढल्यावर गेलेला वास परत कसा मिळवावा

स्वरयंत्राच्या कर्करोगात पूर्ण स्वरयंत्र काढावं लागलं, की घरादाराचं लक्ष आवाजाकडे असतं. वासाचं कुणाच्या मनातही येत नाही. मग एक दिवस गॅसवरचं भांडं करपून काळं होतं, शेजारच्या खोलीतली माणसं धावत येतात आणि भांड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला पत्ताच नसतो.

वास ओळखणारा पडदा नाकाच्या अगदी वर, छताशी असतो. हवा तिथवर पोचली तरच वास कळतो. शस्त्रक्रियेनंतर श्वास गळ्यावरच्या छिद्रातून, म्हणजे स्टोमातून चालतो, नाकातून हवा जातच नाही. नाक बहुधा धडधाकट असतं, नुसतं बेकार बसलेलं. रेडिएशन थेट नाकाच्या भागावर झालं असेल किंवा गाठच नाकात वा सायनसमध्ये असेल, तर गोष्ट वेगळी: तिथे पडद्यालाच इजा झालेली असू शकते. केमोनेही वास मंदावतो. म्हणून आपलं कारण कोणतं, हे आधी ईएनटी डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. खपल्या किंवा सूज असेल तर त्यावरचे उपचार आधी.

आता मुख्य युक्ती. नेदरलँड्समधल्या डॉक्टर-थेरपिस्टांनी ती 2000 च्या सुमारास मांडली. चारचौघांत जांभई आली की आपण ओठ मिटून ती दाबतो ना, तेच मुद्दाम करायचं.

आरशासमोर बसा. ओठ घट्ट मिटा, पण दात एकमेकांवर दाबू नका. ओठ न उघडता खालचा जबडा खाली सोडा, जीभही तळाशी न्या. घसा आतून रुंद झाल्यासारखा वाटेल. तोंडातली जागा वाढते, तिथला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नाकातून आत ओढली जाते. जबडा पुन्हा वर आणा. हे लागोपाठ, भराभर करा. एकदाच केलं तर थोडीशीच हवा सरकते, वास येईपर्यंत ती पोचत नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे वास घ्यायचा म्हणून माणूस जोरात श्वास ओढतो. तो श्वास स्टोमातून जातो, नाकाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. श्वास आपला चालू द्या, त्याच्याकडे लक्षच देऊ नका. दुसरी चूक ओठांची: कोपऱ्यात जरा फट राहिली तरी हवा तोंडातून शिरते आणि नाक कोरडंच राहतं. हवा खरंच फिरते का, हे स्पीच थेरपिस्टकडे पाण्याच्या नळीवर दिसतं. नळीचं एक टोक नाकपुडीत धरतात आणि जबडा खाली गेला की पाणी हलतं. ते हललेलं डोळ्यांनी पाहिलं की हुरूप येतो, म्हणून एकदा तरी थेरपिस्टकडे जाच.

रेडिएशनमुळे जबडा आखडला असेल तर आधी तोंड उघडण्याचे व्यायाम करावे लागतात. घाई केली तर जबडा दुखतो आणि सराव सुटतो. जमायला लागलं की हालचाल लहान करत न्या, म्हणजे समोरच्याला कळणारही नाही.

पडद्याला इजा झाली असेल किंवा वास अर्धवटच येत असेल, तर वासाचा सराव जोडीला घ्या. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांच्या गटाने 2009 मध्ये चार वास वापरले होते: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. प्रत्येकी दहा-वीस सेकंद, सकाळ-संध्याकाळ, निदान 12 आठवडे. स्टोमा असेल तर हुंगताना वरची जांभईच वापरायची. पण एक लक्षात घ्या, निलगिरीचा थंडावा किंवा झणझण जाणवली म्हणजे वास आलाच असं नाही. ती जाणीव चेहऱ्याच्या वेगळ्या नसेची असते. खरी परीक्षा गुलाबाची. मध्येच एखादा वास उलटाच, घाणेरडा वाटू लागला तर घाबरू नका, असं होऊ शकतं. पण डॉक्टरांना सांगा.

जेवण बेचव लागतं, कारण चवीचा बराचसा भाग वासच असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (सूप-रश्शासारखी खमंग चव) एवढंच कळतं. चव येत नाही म्हणून मीठ वाढवत जाऊ नका. कुरकुरीत-मऊ, गरम-गार यांच्यातला फरक वाढवा, मात्र तोंड किंवा घसा सोललेला असेल तर मऊ आणि कोमटच बरं.

हे सगळं जमेपर्यंत, आणि जमल्यावरही, घरात धुराचा आणि गॅसचा अलार्म हवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीजवळ. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, त्याचा छताजवळ. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा, हुंगून ठरवू नका.

उपचार संपल्यानंतर एकाच नाकपुडीतून रक्त येऊ लागलं, ती नव्याने चोंदली किंवा गाल बधिर झाला, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.