पुण्याला जाऊन काम करताय? नुसत्या १८३ दिवसांवर विसंबू नका

जर्मनीत आल्यावर पहिली दिवाळी जवळ आली की प्रत्येकाच्या डोक्यात एकच बेत शिजतो: लॅपटॉप घेऊन महिनाभर घरी जायचं, तिथूनच काम करायचं. कोणीतरी लगेच सांगतंही, "१८३ दिवसांच्या आत ना? मग टॅक्सचं काही नाही." हे अर्धंच खरं आहे.

मुळात पगारावरचा कर काम जिथे बसून केलं तिथे लागतो, पैसे कुठल्या बँकेत जमा होतात ते गौण. कोथरूडमध्ये बसून कोड लिहिलात तर तेवढ्या दिवसांचा पगार भारतात कमावलेला. त्यातून सुटका मिळते ती भारत-जर्मनी करकरारामुळे, आणि तिला तीन अटी आहेत. भारताच्या एका आर्थिक वर्षात मुक्काम १८३ दिवसांहून जास्त नको, पगार देणारा मालक भारतातला नको, आणि त्या पगाराचा खर्च कंपनीच्या भारतातल्या शाखेवर पडायला नको. तिन्ही एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. आईकडे राहून तीन आठवडे जर्मनीचंच काम केलंत तर सहसा निभावतं. एचआरची परवानगी मात्र लेखी घ्या.

पाय घसरतो तो कंपनीच पाठवते तेव्हा. २०१८ मध्ये मला फेब्रुवारी ते एप्रिल हिंजवडीच्या भगिनी कंपनीत पाठवलं. दिवस भरले ७५. पगार इथेच जमा होत होता, म्हणून मी निर्धास्त. पण माझा पगार महिन्याच्या महिन्याला हिंजवडीकडून वसूल होत होता आणि काम सांगणारा साहेबही तिथलाच. म्हणजे करारपत्रावर मालक जर्मन, प्रत्यक्षात पुण्याचा. मग १८३ चा उपयोग शून्य, पहिल्या दिवसापासून कर भारतात! त्यात ३१ मार्चला तिकडचं वर्ष बदललं, त्यामुळे एका फेरीसाठी दोन रिटर्न. सीएने फोनवर विचारलं, "साहेब, उतरलात किती तारखेला?" मला आठवेना. बायकोने जुन्या जॅकेटच्या खिशातून बोर्डिंग पास काढला तेव्हा कुठे तारीख मिळाली.

इकडे जर्मनीत त्याच पगारावर कर कापून झाला होता. तो वार्षिक रिटर्नमध्ये 'आनलागे एन-आउस' हा फॉर्म जोडून परत मागता येतो, पण फिनान्झआम्ट, म्हणजे इथलं करकार्यालय, भारतात कर भरल्याचा पुरावा मागतं. चलन नसेल तर विसरा. शिवाय सूट मिळालेला पगार उरलेल्या उत्पन्नावरचा दर ठरवताना हिशेबात धरतातच, म्हणून परतावा अपेक्षेपेक्षा कमी येतो. माझाही आला.

दिवस मोजण्यात एक गंमत आहे. १८३ मोजताना शनिवार, रविवार, सुट्ट्या, सगळं धरतात. मुंबईला रात्री साडेअकराला उतरलात तरी तो अख्खा दिवस गेला. पगाराची दोन देशांतली वाटणी मात्र प्रत्यक्ष कामाच्या दिवसांवर होते. म्हणून एका वहीत रोज लिहून ठेवा: कुठे होतो, काम केलं की रजा.

युरोपात दुसऱ्या देशात पाठवलं तर त्या देशाचा करार वेगळा वाचायचा. ऑस्ट्रियाबाबत जानेवारी ते डिसेंबर मोजतात, नेदरलँड्सबाबत कुठलेही सलग १२ महिने. सोशल सिक्युरिटीचा (पेन्शन, विमा यांचे हप्ते जर्मनीतच भरले जातात हे दाखवणारा) 'ए-१' कागद एका दिवसाच्या कामालाही लागतो, तो कंपनीकडून आधीच काढून घ्या. भारतासाठी ए-१ चालत नाही, वेगळं प्रमाणपत्र असतं. त्याचीही आठवण एचआरला तुम्हीच करून द्यायची.

रिटर्नची नेहमीची तारीख दोन्हीकडे ३१ जुलै. पुण्याच्या सीएला मे महिन्यातच गाठा, जुलैत तो फोन उचलत नाही.