सोलापुरात सर्वधर्मीय ग्रुप घेऊन तळ्याकाठी कसं जायचं

सर्वधर्म कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडं स्टेज, हार, प्रत्येक धर्माचा एक पाहुणा, सगळ्यांची भाषणं आणि मग चहा. माणसं शेजारी बसतात पण ओळख काही होत नाही. त्यापेक्षा पंधरा-वीस जण घ्या आणि एखाद्या पाण्याजवळ जा. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ लोकांकडून शिकण्यासारखी आहे, कारण त्यांच्याकडं जमीन, पाणी, पूर्वज, माणूस हे सगळं एकाच नात्यातलं असतं आणि आपल्या वाट्याच्या जागेची काळजी घेणं हाच धर्म.

हे सोलापूरकराला समजवायला अवघड नाही. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना फिरून येतात ना, म्हणजे चालत चालत गावाचा नकाशा लक्षात ठेवणंच ते, तसंच तिकडं पूर्वजांच्या वाटा गाण्यांतून लक्षात ठेवतात, पाणी कुठं आहे तेसुद्धा त्यात येतं.

जागा म्हणून मी तुळजापूर रोडचा हिप्परगा तलाव सुचवेन. सिद्धेश्वर तलावावर गर्दी फार, शांत बसता येत नाही. महिना डिसेंबर-जानेवारी, उन्हाळ्यात आपल्या उन्हात कोण बसणार! वार शनिवार धरा, शुक्रवारी जुम्मा असतो आणि रविवारी चर्च. तारीख ठरवताना एकादशी बघाच, आणि त्या वर्षी रमजान कधी येतोय तेही. डबा कॉमन ठेवायचा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांना चालते असं आपण धरून चालतो पण चटणीत लसूण असतो, जैन मंडळींसाठी बिनलसणाची वेगळी करून डब्यावर नाव टाका.

पोचल्यावर सुरुवात कशी करायची? ऑस्ट्रेलियात सभेच्या आधी ही जमीन मुळात कोणाची ते सांगून त्या लोकांचा मान राखतात, आणि स्वागत करायचा हक्क फक्त तिथल्या मूळ लोकांचा असतो, बाहेरच्यानं ते करायचं नाही. तर आपण पण तळ्यावरचे मच्छीमार, मेंढरं घेऊन येणारे धनगर, काठचे शेतकरी यांना आधीच भेटून विचारायचं की येऊ का, आणि पहिलं बोलणं त्यांचं ठेवायचं. पाणी कुठपर्यंत यायचं, कोणते पक्षी येतात, मासा कधी कमी झाला, जे सांगतील ते ऐका. मधे कुणी ज्ञान पाजळायला लागलं तर गप्प बसवा, प्रेमानं.

त्यानंतर अर्धा तास कुणीच बोलायचं नाही, मोबाईल बंद. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या मिरियम-रोझ उंगुनमर-बाउमान या शिक्षिका आणि चित्रकार, 2021 च्या ‘सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’, त्यांनी ‘दादिरी’ म्हणजे आतून शांतपणे ऐकण्याची आपल्या लोकांची रीत जगाला सांगितली. त्या कॅथलिक आहेत आणि पूर्वजांची वाटही त्यांनी सोडली नाही, म्हणून सर्वधर्मीय ग्रुपला त्यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. मग प्रत्येकानं आपल्या घरात पाण्याशी जोडलेलं काय आहे ते सांगायचं, वजू, बाप्तिस्मा, चंद्रभागेचं स्नान, महाडचा सत्याग्रह. वाद घालायचा नाही, एकमेकांना फक्त प्रश्न विचारायचे. आणि कुणी म्हणालं की ही गोष्ट आमच्यातच राहते तर तिथंच थांबा. उलुरू हा ऑस्ट्रेलियातला मोठा पवित्र खडक, त्यावर चढणं 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद झालं, तिथले अनंगू लोक वर्षानुवर्षं तेच मागत होते. ॲबोरिजिनल लोकांसारखी ठिपक्यांची चित्रं काढून किंवा त्यांचे विधी करून शिकलो असं समजू नका, ते त्यांचं आहे, त्यांच्याकडंच राहू द्या.

एक गोष्ट मात्र टाळू नका. तिकडं ॲबोरिजिनल लोकांना मिशन आणि रिझर्व्ह नावाच्या वस्त्यांमध्ये कोंडलं, मुलं आईबापांपासून तोडली, 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. ते ऐकून आपण हळहळतो, पण आपल्या शहरातलं सेटलमेंट बघा की, ‘गुन्हेगार’ शिक्का मारलेल्या जमातींना इंग्रजांनी तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, तो गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 ला रद्द झाला तरी शिक्का अजून पुसला नाही. पारधी, कैकाडी कुटुंबांतली माणसं तुमच्या ग्रुपमध्ये पाहिजेतच, नुसती बोलावलेली नकोत, तारीख आणि जागा ठरवणाऱ्यांत पाहिजेत.

निघताना कचरा उचला, आपला आणि दुसऱ्यांचा पण. पुढच्या वेळी नवीन जागा शोधू नका, त्याच काठावर पावसाळ्यानंतर परत जा, पाणी किती चढलं ते बघा, आणि जायच्या आधी मच्छीमारांना फोन करा.