गाडी स्वतःची, काम कंपनीचं: किलोमीटर मोजताना या चुका टाळा

बारा वर्षं टीए बिलं, म्हणजे कामासाठीच्या प्रवासखर्चाची बिलं, तपासली. नावं बदलतात, चुका त्याच राहतात. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक बिल भरणाऱ्याची नसते, तपासणाऱ्याची असते. ती म्हणजे फोनच्या लोकेशनवरून किलोमीटर मोजणाऱ्या ॲपने दाखवलेला आकडा डोळे मिटून खरा धरणं.

आमच्याकडे एक सर्व्हिस इंजिनिअर होती. डोंगरातल्या एका साइटवर ती स्वतःच्या गाडीने जायची. तिच्या ओडोमीटरवर, म्हणजे गाडीतल्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरवर, जाऊन-येऊन 124 किलोमीटर पडायचे, ॲपवर 103. साहेबांनी निष्कर्ष काढला की बाई दर फेरीला वीस किलोमीटर वाढवून लावतात. दोन महिने बिल अडवलं. तिने मात्र प्रत्येक फेरीचे सुरुवातीचे आणि शेवटचे रीडिंगचे फोटो जपून ठेवले होते. ते पाहून मी एक दिवस तिच्याच गाडीत बसून साइटवर गेलो आणि परत आलो. ओडोमीटरवर 124 किलोमीटरच भरले.

मग ॲपची सेटिंग उघडली. फोनची बॅटरी वाचावी म्हणून कुणीतरी दर दोन मिनिटांनी एकदाच लोकेशन घ्यायचं ठरवून ठेवलं होतं. ताशी 40 च्या वेगाने गाडी दोन मिनिटांत 1.3 किलोमीटर पुढे जाते. तेवढ्यात डोंगरातली सगळी वळणं येऊन जातात आणि ॲप दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढून मोकळं होतं. तिचे पैसे दिले, मी स्वतः माफी मागितली. पण चोर ठरवलेलं माणूस विसरत नाही. काही महिन्यांतच तिने नोकरी सोडली. आजही मला ते लागतं.

उलटंही घडतं. गाडी उंच इमारतींच्या मध्ये तासभर उभी असते, पण जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, ठिपका इकडेतिकडे भटकतो आणि उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत जातात.

म्हणून माझा नेम ठरलेला आहे: आधी ओडोमीटर, ॲप फक्त साक्षीदार. दोघांत पाच टक्क्यांपर्यंत फरक असेल तर मी विचारतसुद्धा नाही. ओडोमीटर तरी कुठे देवाचा? नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. ती झिजून 2 वर आली की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतं आणि रीडिंग जवळपास दोन टक्क्यांनी जास्त दाखवतं. एवढ्यावरून माणसाच्या इमानाचा हिशेब करू नका.

आता बिल भरणाऱ्यांकडे वळतो. महिनाअखेरीला बसून आठवून बिल भरू नका. असं बिल लांबून ओळखू येतं, कारण सगळे आकडे 0 किंवा 5 ने संपतात. नवीन मंडळींना तर फार घाई असते. नकाशावर अंतर बघतात आणि तेच वीस फेऱ्यांना चिकटवतात. नकाशाला रस्ता बंद होता हे माहीत नसतं, की वाटेत दुसऱ्या ग्राहकाकडे जावं लागलं हेही. फोटो काढा. तोही इंजिन बंद करण्याआधी, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत चावी फिरवली की रीडिंग दिसेनासं होतं. दहा सेकंदांचं काम आहे, त्याला शॉर्टकट शोधू नका.

कंपनीची दुसरी चूक पाहून मला खरंच संताप येतो: सुट्टीच्या दिवशीही ट्रॅकिंग चालू ठेवणं. एका बैठकीत एका टेक्निशियनला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, ‘रविवारी दोन तास हॉस्पिटलसमोर गाडी कशी?’ त्याचे वडील आत ॲडमिट होते. पुढच्या आठवड्यात अर्ध्या फिल्ड स्टाफने लोकेशन बंद करून टाकलं आणि ते बरोबरच केलं. गाडी त्यांची, फोन त्यांचा, रविवारही त्यांचाच. युरोपीय संघात 25 मे 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात माणसाचं लोकेशन ही वैयक्तिक माहितीच मानली आहे. फेरी सुरू करायचं आणि थांबवायचं बटण कर्मचाऱ्याच्याच हातात ठेवा. बिलाला तारीख, ठिकाण आणि किलोमीटर पुरतात. साहेबांना नकाशावरची अख्खी रेघ दाखवायची गरज नाही.

बाकीचं थोडक्यात. घर ते ऑफिस ही रोजची ये-जा बहुतेक ठिकाणी बिलात धरत नाहीत. घरून थेट साइटवर गेलं तर काय, हे आधीच लेखी ठरवा. एका गाडीत तिघं गेले तर किलोमीटरचं बिल एकच. किलोमीटरचा दर ठरवताना फक्त इंधन मोजू नका. टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि गाडीची घटणारी किंमतही त्यातच येते. आणि विम्याची पॉलिसी एकदा नीट वाचा. काही पॉलिसी फक्त खासगी वापरापुरत्या असतात, आणि कामावर असताना अपघात झाला तर क्लेम तिथेच अडकतो.