अनोळखी वस्तू कशी ओळखावी: आधी वर्णन, मग काम, शेवटी नाव

जुन्या कपाटाच्या खणात, माळ्यावरच्या पेटीत, बागेची माती उकरताना किंवा एखादे जड यंत्र हलवल्यावर कधीकधी अशी वस्तू हाती लागते, की ती कशाची आहे हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी बहुतेक जण पहिल्या क्षणापासून नावाच्या मागे लागतात, आणि फसगत होते ती तेथेच. एखादे नाव मनात बसले, की नजर त्या नावाला जुळणाऱ्या खुणाच टिपू लागते आणि न जुळणारी खाच किंवा भोक ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिले जाते. वास्तविक माणसाने घडवलेल्या वस्तूतील प्रत्येक भोक कोणीतरी मुद्दाम पाडलेले असते. त्यासाठी वेळ गेलेला असतो, हत्यार झिजलेले असते आणि पैसा खर्च झालेला असतो. त्यामागे कारण असते, आणि ते कारण सापडले की नाव फारसे दूर राहत नाही.

हात लावण्यापूर्वी

उत्सुकता कितीही असली, तरी ‘हे काय आहे’ याच्या आधी ‘यापासून अपाय होऊ शकेल का’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका ओसाड पडलेल्या रेडिओथेरपी केंद्रातून भंगार म्हणून उचललेला यंत्राचा भाग फोडण्यात आला. आतली पूड अंधारात निळसर चमकत होती, म्हणून लोकांनी ती कुतूहलाने हाताळली, घरी नेली, आप्तांना दिली. ते सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य होते. चार जणांचा मृत्यू झाला आणि २४९ जणांमध्ये किरणोत्सारी दूषण आढळले. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर अंबर (झाडाचा दगडासारखा झालेला प्राचीन डिंक) समजून उचललेला पिवळसर खडा प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धातील आगलाव्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस निघाल्याचे आणि तो खिशात वाळून, अंगाच्या उबेने पेटून लोक भाजल्याचे प्रकार घडले आहेत. या दोन्ही ठिकाणी माणसांना घात झाला तो वस्तू सुंदर दिसली म्हणून.

तोफगोळा, बॉम्ब किंवा काडतूस यांची जराही शंका आली, तर वस्तू होती तेथेच ठेवून दूर जावे आणि पोलिसांना कळवावे. गंजलेले आहे म्हणजे निकामी झाले आहे असे मुळीच धरू नये. बंद नळकांडी, काचेच्या नळीतला चंदेरी द्रव (तो पारा असू शकतो), फुगलेली बॅटरी, बुचाभोवती स्फटिक जमलेली विनालेबलाची बाटली, तीन पात्यांचे किरणोत्साराचे चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने विलक्षण जड अशी बंद डबी, यांपैकी काहीही उघडू नये, हुंगू नये, तापवू नये. वस्तू काय आहे हे कळेपर्यंत ती लहान मुलांच्या हाती जाता कामा नये. नाण्याएवढ्या चकतीसारख्या बॅटऱ्या गिळल्या गेल्यास काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा करतात.

पाहणे आणि लिहून ठेवणे

वस्तू निर्धोक वाटली, तरी ती लगेच घासूनपुसून लख्ख करू नये. खाचेत अडकलेले ग्रीस, कडेला उरलेला रंग, भोकात गुंतलेला दोरा, एका बाजूवरची काजळी हे सगळे पुरावे आहेत आणि साबणाच्या पाण्यात तेच आधी जातात. वस्तू प्रथम जशी सापडली तशीच टिपून घ्यावी. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि त्यात शेजारी मोजपट्टी असावी. नाणे ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण प्रत्येक देशाचे नाणे वेगळ्या मापाचे असल्याने दूरच्या माणसाला त्यावरून काहीच अंदाज येत नाही. झिजलेली अक्षरे समोरून प्रकाश पाडल्यास दिसत नाहीत. खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागालगत अगदी तिरपा धरला, की उथळ कोरीव कामाच्या सावल्या उठून दिसतात. तेवढ्यानेही अक्षर लागले नाही, तर वर पातळ कागद धरून त्यावरून मऊ पेन्सिल आडवी फिरवावी.

यानंतर वर्णन लिहावे, आणि त्यात वस्तूच्या उपयोगाविषयीचा एकही शब्द येऊ देऊ नये. ‘मूठ’ असे न लिहिता ‘बारा सेंटीमीटर लांबीचा, मधोमध किंचित फुगीर लाकडी दांडा’ असे लिहावे, कारण मूठ म्हटल्याबरोबर ती हातात धरायची असे आपण न तपासताच मान्य करून बसतो. लांबी, वजन, भोकांचा व्यास आणि त्यांच्यातील अंतर मोजावे. वस्तू कोठे, कशाच्या सोबत आणि किती खोलवर सापडली हेही नोंदवावे. स्वयंपाकघरातल्या खणात सापडलेला खिळ्यासारखा तुकडा आणि शिवणाच्या डब्यात सापडलेला तसाच तुकडा यांचा शोध वेगवेगळ्या दिशांनी जातो.

पदार्थ कोणता

येथे घरगुती साधनांनी बरेच काही साधते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिले साधन चुंबक. लोखंड आणि निकेल चुंबकाला चिकटतात. तांबे, पितळ, अॅल्युमिनियम, शिसे, जस्त चिकटत नाहीत. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चिकटतात, काही जवळजवळ नाही, त्यामुळे ‘चिकटत नाही म्हणजे स्टील नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. चुंबक ओढला जातो आणि तरीही पृष्ठभाग पिवळा आहे, तर आत लोखंड असून वर मुलामा दिलेला असण्याची शक्यता मोठी.

दुसरे साधन घनता, आणि ती मोजण्यासाठी ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा पुरतो. वस्तू आधी कोरडी तोलावी. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा, वस्तू बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवावी, पण ती तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटीमीटर तिचे आकारमान असते, कारण बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका भार भांड्यावर येतो. कोरडे वजन १७० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा २० असेल, तर घनता ८.५ येते, म्हणजे पितळ संभवते. अॅल्युमिनियम २.७, जस्त ७.१, लोखंड ७.९, तांबे ९ च्या किंचित खाली, चांदी १०.५, शिसे ११.३ आणि सोने व टंगस्टन दोन्ही १९.३. वस्तू आतून पोकळ असेल किंवा तिच्यात हवेचे बुडबुडे अडकले असतील, तर हा हिशेब फसतो. म्हणून अपेक्षेपेक्षा कमी आलेली घनता हीच कधीकधी पोकळीची खूण मानावी लागते.

प्लास्टिकच्या बाबतीत वास उपयोगी पडतो. अंगठ्याने जोरात घासून गरम केल्यावर बेकेलाइट या जुन्या, कडक प्लास्टिकला कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येतो, तर सेल्युलॉइड या दुसऱ्या जुन्या प्लास्टिकला कापराचा, कारण ते बनवताना कापूर वापरतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय अनेक ठिकाणी सुचवला जातो. तो मी कोणालाही सांगणार नाही. सेल्युलॉइड भपकन पेट घेते, आणि वस्तू मोलाची असेल तर तिच्यावर कायमचा डाग राहतो. जड, काळपट दगड सापडला की अनेकांना तो उल्का वाटतो. त्यात बुडबुड्यांची भोके दिसत असतील, तर तो बहुधा धातू वितळवताना उरलेला मळ असतो, कारण उल्कांमध्ये अशी भोके जवळजवळ कधीच आढळत नाहीत.

काम कोणते

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला, सुमारे आठ सेंटीमीटर लांबीचा पितळी गोळा आहे. टोक वेगळ्या धातूचे असून चुंबकाला चिकटते. माथ्यावर आट्यांची टोपी आहे, ती फिरवून निघते, आणि टोपीच्या बरोबर मध्यातून एक बारीक भोक आरपार गेलेले आहे. पाहणारा पहिल्यांदा त्याला भोवरा म्हणतो. पण भोवऱ्याचे टोक फिरून फिरून बोथट होते आणि याचे टोक तीक्ष्ण आहे. तराजूचे वजन म्हणावे, तर त्याला उभे राहण्यासाठी सपाट बूड हवे आणि अंगावर आकडा हवा. दोन्ही नाहीत. आता भोकाला विचारावे: ते बरोबर मध्यात का, आणि टोपी निघते कशासाठी? भोकातून दोरा ओवला आणि आतल्या बाजूला गाठ मारली, तर टोपी बसवल्यावर गाठ आत लपते आणि दोरा अचूक मध्यरेषेतून वर येतो. तो धरून गोळा लोंबकळू दिला, की टोक दोऱ्याच्या नेमके खाली येते. टोक पोलादी का, तर जमिनीवर टेकून ते चटकन वाकू नये म्हणून. पितळ का, तर लहान आकारात वजन भरपूर मिळते आणि गंज चढत नाही. एकही खूण अनुत्तरित राहिली नाही. हा गवंड्याचा आणि सुताराचा ओळंबा, म्हणजे भिंत किंवा खांब सरळ उभा आहे का हे पाहण्याचे साधन आहे.

झीज हा या चौकशीतला सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. हाताने धरायची जागा गुळगुळीत होते, आपटण्याची जागा चेपते, दोरी सरकण्याच्या जागी खाच पडते, आणि जेथे काहीच झिजलेले नाही तेथे वापर झालेला नाही. तितकेच लक्ष न सजवलेल्या बाजूकडे द्यावे. तीन बाजू घासून चकचकीत केलेल्या आणि चौथी खडबडीत ठेवलेली असेल, तर ती चौथी बाजू भिंतीला, लाकडाला किंवा दुसऱ्या भागाला चिकटून राहणार होती, असे निश्चित समजावे.

घरात सापडणाऱ्या कोड्यांपैकी पुष्कळशी मुळात स्वतंत्र वस्तूच नसतात. ती कशाचा तरी सुटलेला भाग असतात. काळपट राखाडी, दगडासारखे ठिसूळ, तरीही चुंबकाला चिकटणारे पोकळ नळकांडे सापडले, तर त्याच्या पोकळीचा व्यास एखाद्या केबलच्या जाडीशी ताडून पाहावा. ते फेराइट असते आणि केबलमधून जाणारा उच्च वारंवारतेचा विद्युत गोंगाट दाबण्यासाठी बसवलेले असते. आटेही बोलके असतात: पाव इंच व्यासाचा आणि इंचाला वीस फेरे असलेला आटा कॅमेऱ्याच्या तिपाईला लागतो. अर्थात हाच आटा साध्या बोल्टांवरही असतो, त्यामुळे तो दिशा दाखवतो, पुरावा ठरत नाही.

काळ कोणता

वस्तू तिच्यातील सर्वांत नव्या मूळ खुणेपेक्षा जुनी असू शकत नाही. बेकेलाइट १९०७ साली तयार झाले, अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून प्रचारात आले, ‘पश्चिम जर्मनी’ हा देश १९४९ ते १९९० एवढाच काळ होता, आणि त्रिकोणी बाणांच्या आत १ ते ७ पैकी एक आकडा असलेले प्लास्टिक १९८८ नंतरचे. ‘मूळ’ हा शब्द मात्र विसरू नये, कारण दुरुस्तीत बदललेला एक स्क्रू सगळी गणना पुढे ढकलतो. पेटंट क्रमांक कोरलेला असेल, तर पेटंटांच्या मोफत ऑनलाइन संग्रहात तो देशाच्या नावासह शोधावा; तेथे वस्तूचे रेखाचित्र आणि प्रत्येक भागाचे काम मिळून जाते. मात्र पेटंटनंतर अनेक वर्षे तीच वस्तू बनत राहते, म्हणून ते वर्ष निर्मितीचे समजू नये.

शोधणे, विचारणे आणि तपासणे

छायाचित्रावरून शोध घेणारी साधने दिसण्यातले साम्य पकडतात, कामातले नाही. पांढऱ्या कागदावर एकटीच ठेवलेली वस्तू वेगवेगळ्या कोनांतून दाखवल्यास निकाल सुधारतात. शब्दांनी शोधताना पदार्थ, आकार आणि संभाव्य क्रिया एकत्र लिहावी. माणसांना विचारायचे असेल, तर ज्या धंद्याचा वास येतो त्या धंद्यातल्या जुन्या कारागिराला विचारावे. त्याला मोजमापे, सापडण्याची जागा आणि सर्व बाजू दाखवाव्यात. स्वतःचा अंदाज मात्र त्याने मत दिल्यावरच सांगावा.

उत्तर मिळाले, की ते मोडून पाहावे. त्या नावाच्या खात्रीशीर वस्तूचे छायाचित्र समोर ठेवून एकेक भोक, खाच आणि माप पडताळावे. एकही खूण शिल्लक राहिली, तर काम अपुरे आहे. काही वस्तू या कसोटीवर कोणत्याच नावाला उतरत नाहीत. रोमन काळातील बारा पंचकोनी बाजूंची पोकळ धातूची गोटी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अशा शंभराहून अधिक गोट्या वायव्य युरोपात सापडल्या आहेत. बाजूंवरची भोके वेगवेगळ्या व्यासांची आणि प्रत्येक कोपऱ्यावर गुंडी आहे. मेणबत्तीची बैठक, मोजमापाचे साधन, विणकामाचे साधन असे अनेक तर्क झाले. पण गोट्यांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्या काळच्या कोणत्याही लेखनात त्यांचा उल्लेख आढळत नाही, म्हणून जाणकारांनी त्या ‘अज्ञात’ या नोंदीखालीच ठेवल्या आहेत.

आपल्या हातच्या वस्तूलाही तोच न्याय लावावा. चिठ्ठीवर ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘अज्ञात’ यांपैकी एक शब्द लिहावा आणि त्याखाली घनता, मापे, सापडल्याची जागा व तारीख नोंदवून ती चिठ्ठी वस्तूलाच बांधावी. जी नावे तपासून बाद केली, ती कोणत्या खुणेमुळे बाद झाली हेही चिठ्ठीच्या मागे लिहावे, म्हणजे पुढे ती ज्याच्या हाती जाईल त्याला भोवऱ्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही.