आप्पांच्या स्लाइडवरची धूळ आणि केळीवरचा करपा

आप्पा कृषी खात्यात होते. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यातल्या केळीच्या बागा पालथ्या घालायचे, रोगट पानांचे फोटो स्लाइड फिल्मवर काढायचे आणि रात्री गावातल्या मारुतीच्या पारावर चादर ताणून शेतकऱ्यांना दाखवायचे. ते गेल्यावर पत्र्याच्या पेटीत चारेकशे स्लाइड निघाल्या. त्या स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो आणि पहिल्या चाळीस वाया घालवल्या.

झालं असं, की हाताशी साधा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर ठेवून स्कॅन करायचा स्कॅनर होता. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डस्ट रिमूव्हल’ दिसलं, ते ‘हाय’वर ठेवून मोकळा झालो. स्कॅन चकाचक आले. मग एक पान मोठं करून पाहिलं, तर करप्याचे, म्हणजे पानांवरच्या त्या रोगाचे ठिपकेच नाहीत! मधे राखाडी, भोवती पिवळी कडा, असे ते बारीक ठिपके सॉफ्टवेअरने धूळ समजून पुसून टाकले होते. ज्या करप्यापायी आप्पांनी निम्मी नोकरी उन्हात काढली, तो कॉम्प्युटरने एका क्लिकमध्ये बरा केला.

म्हणून पहिली गोष्ट, इन्फ्रारेड असलेलाच स्कॅनर घ्या. रंगीत स्लाइडमधले रंग इन्फ्रारेड किरण आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे त्यांना अडवतात. त्यामुळे फिल्मवर बसलेलं काय आणि चित्रातलं काय, हे यंत्राला कळतं. करपा चित्रात आहे, त्याला हात लागत नाही. एप्सनच्या व्ही ६०० मध्ये ही सोय आहे. प्लस्टेक घेत असाल तर ८१०० मध्ये नाही, ८२००आय मध्ये आहे; खोक्यावरचा तो ‘आय’ बघून घ्या.

याला अपवाद कोडाक्रोम. १९३५ पासून २००९ पर्यंत ही फिल्म निघत होती. तिच्यावर इन्फ्रारेडचा हिशेब चुकतो, गडद भागातले बारकावे खाल्ले जातात. ओळखायची कशी? माउंटवर, म्हणजे स्लाइडच्या बाहेरच्या चौकटीवर, बहुतेक नाव असतं. नसेल तर फिल्मची कमी चकाकणारी बाजू उजेडात तिरकी धरा, चित्र किंचित कोरल्यासारखं उठून दिसतं. अशा स्लाइडला इन्फ्रारेड बंद ठेवायचं आणि धूळ हाताने काढायची. काळीपांढरी असेल तरी बंदच, तिच्यातली चांदी यंत्राला धूळ वाटते.

आता साफसफाई. आपल्याकडे वैशाखात हे काम काढूच नका. खिडकी लावली तरी वावटळीची माती टेबलावर येतेच. मी पहिला पाऊस पडून गेल्यावर बसतो, पहाटे, फरशी ओल्या फडक्याने पुसून, पंखा बंद करून. स्लाइड कडेने धरायची, रबरी ब्लोअरने दोन्ही बाजू झटकायच्या, मग मऊ ब्रश. तोंडाने फुंकर मारायची नाही. मी मारली होती, थुंकीचा एक कण आजही एका स्लाइडमधल्या, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्याच्या कपाळावर आहे.

कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तिला पाणी लावू नका. फिल्मवर चित्र धरून ठेवणारं जिलेटिन बुरशी खाते आणि उरलेलं पाण्यात विरघळण्याजोगं करून ठेवते. ओला बोळा फिरवला की चित्रच उतरून येतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापडावर जेमतेम, तेही आधी एखाद्या टाकाऊ स्लाइडवर करून बघून. श्रावणात स्लाइड उघड्यावर राहू देऊ नका, स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

स्कॅनिंगला ३२०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३२०० पिक्सेल, पुरतं. ३५ मिमीच्या चौकटीतून साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल मिळतात. ४८ बिट टिफ, फाइल ८० एमबीच्या आसपास जाते. फ्लॅटबेडच्या खोक्यावरचे ६४०० वगैरे आकडे लग्नपत्रिकेतल्या वेळेसारखे धरायचे. शार्पनिंग बंद, ऑटो कलर बंद, इन्फ्रारेड मध्यम. ही मूळ फाइल तशीच ठेवायची, रंगाचं काम तिच्या प्रतीवर.

रंगात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. पेटीतल्या बऱ्याच स्लाइड लालसर गुलाबी पडल्या होत्या. अंधारात पडून राहिलेल्या जुन्या स्लाइडमधला निळसर सायन रंग आधी विटतो, आणि लाल उजेड अडवायचं काम त्याचंच. तो गेला की सावल्यांमधून लाल गळायला लागतो. म्हणून सगळ्या चित्रावर निळं ओतू नका. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्समध्ये फक्त लाल चॅनल उघडा आणि काळा बिंदू आत सरकवा. किती? माउंट उघडून फिल्मची कड स्कॅनमध्ये घ्या. प्रकाश न लागलेली ती पट्टी मुळात काळी असते. ती लालसर न दिसता काळी दिसेपर्यंत सरकवा, मग मधला बिंदू नजरेने.

पांढरं कुठलं ते सॉफ्टवेअरला दाखवायचा ड्रॉपर पांढऱ्यावर टेकवण्याचा मोह मात्र आवरा. मी एका फोटोत आप्पांच्या टोपीवर टेकवला. माय मागून बघत होती. म्हणाली, “आप्पानी टोपी पिवयी नव्हती रे.” मग आठवलं, ती टोप्यांना नीळ घालायची. टोपीत निळी झाक होतीच. मी तिला शुद्ध पांढरं मानलं आणि सॉफ्टवेअरने सगळं चित्र पिवळं केलं. चुन्याच्या भिंतीचंही तेच, चुन्यात नीळ असतेच. सावलीतला सिमेंटचा ओटाही नको, त्यावर आभाळाचा निळा येतो. उन्हातला सिमेंटचा पाइप बरा.

उरलेले डाग १०० टक्के मोठं करून, डावीकडून उजवीकडे, हीलिंग ब्रशने, म्हणजे आजूबाजूचा रंग भरून डाग झाकणाऱ्या ब्रशने. पानावरचा ठिपका डाग वाटला तर इन्फ्रारेड चॅनल उघडून बघा. तिथे दिसला तर धूळ, नाही दिसला तर करपा.

आणि माउंटचाही मोबाइलवर फोटो काढा. आप्पांनी पेन्सिलने गाव, केळीची जात, पानाची बाजू लिहून ठेवली आहे. फाइलचं नाव मी तेच देतो. एकीवर लिहिलंय, ‘पान झाकलं गेलं, दाखवू नये.’ पानासमोर मी उभा आहे, तीनेक वर्षांचा, अंगात नुसता सदरा. फाइलचं नाव तेच ठेवलंय.