हॉटेल मॅनेजमेंट: ट्रेनिंगला जाण्याआधी हात तयार करा

हॉटेल मॅनेजमेंटच्या डिग्रीतले सगळ्यात मोलाचे महिने कॉलेजबाहेर जातात. इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्ये खऱ्या हॉटेलात किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस (रिसेप्शन) आणि हाउसकीपिंग या चारही विभागांत काम करावं लागतं. तिथल्या शेफला किंवा सुपरवायझरला पहिल्या दोन दिवसांत कळतं, कोणाच्या हातात काम देता येईल. ज्याचा हात तयार असतो त्याला गॅसपाशी उभं करतात, बाकीचे महिनाभर लसूण सोलतात. म्हणून पहिल्या वर्षापासून तयारी ट्रेनिंगसाठीच करायची.

प्रवेशाच्या मुख्य वाटा दोन. हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेशी (एनसीएचएम) जोडलेल्या आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. १९५४ साली सुरू झालेलं मुंबईचं दादर केटरिंग आणि गोव्यातलं पर्वरीचं कॉलेज हे याच साखळीतले. महाराष्ट्रात दुसरी वाट बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीसाठी सीईटी सेल घेते त्या परीक्षेची. ही पदवी चार वर्षांची. एनसीएचएमसाठी बारावीला इंग्रजी विषय हवाच, शाखा कोणतीही चालते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत नंतर बघा. आधी विचारा, बेसिक किचनमध्ये एका बर्नरवर किती मुलं असतात? चौघांत एक बर्नर असेल तर दोघं नुसतीच बघत राहतात. पुढचा प्रश्न, मागच्या बॅचची मुलं ट्रेनिंगला कोणत्या हॉटेलांत गेली? या दोन उत्तरांवरून कॉलेजची खरी ताकद कळते.

चाकू

८ इंची शेफ्स नाइफ पुरतो. मोठ्या सेटवर पैसे घालवू नका, त्याऐवजी धार लावायला शिका. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो, तो भाजीवरून सटकतो आणि बोट कापतं. चॉपिंग बोर्डखाली ओला डस्टर पसरा, म्हणजे बोर्ड हलत नाही. डाव्या हाताची बोटं आत वळवा, अंगठा त्यांच्या मागे ठेवा आणि चाकूचं पातं बोटांच्या मधल्या सांध्याला घासत खालीवर जाऊ द्या.

घरी आठवड्याला किलोभर गाजर घ्या. ५ सेंटिमीटरचे तुकडे करा आणि प्रत्येकाच्या एका बाजूचा लांब काप काढून टाका, म्हणजे गाजर बोर्डवर सपाट बसतं. बहुतेकांचं इथेच चुकतं: गोल गाजर तसंच कापायला घेतात, ते घरंगळतं आणि काप तिरके होतात. मग ३ मिलिमीटर जाडीचे काप, त्यांच्या ३ मिलिमीटरच्या काड्या, हे ज्युलियन. काड्या आडव्या कापून चौकोनी बारीक तुकडे केले की ब्रुन्वाज. मापाचा हट्ट उगाच नसतो. जाडबारीक तुकडे एकत्र शिजायला टाकले तर बारीक गळून जातात आणि जाड कच्चे राहतात. सुरुवातीला पट्टी शेजारी ठेवून मोजा. आधी अचूकता येऊ द्या, वेग आपोआप वाढतो.

तापमानाचे दोन आकडे पाठ हवेत: थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, गरम ६० अंशांच्या वर. मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. मोठ्या पातेल्यातला गरम स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो आणि स्टॉक आंबतो. तो उथळ ट्रेंमध्ये ओतून, खाली बर्फ ठेवून आधी गार करावा लागतो.

खोली आणि टेबल

हाउसकीपिंगला मुलं नाकं मुरडतात आणि पुढे पस्तावतात, कारण हॉटेलचा माल म्हणजे खोली. खोली करायचा क्रम लक्षात ठेवा: पडदे उघडा, कचरा आणि वापरलेल्या चादरी बाहेर, मग पलंग, मग डस्टिंग, व्हॅक्युम सगळ्यात शेवटी. चादर झटकली की धूळ फर्निचरवर बसते, फर्निचर पुसलं की जमिनीवर पडते. क्रम उलटा केला तर तेच काम दोनदा करावं लागतं. बाथरूमचं फडकं आणि ग्लास पुसायचं फडकं वेगळ्या रंगाचंच हवं.

सर्व्हिसमध्ये वाढून आणलेली प्लेट पाहुण्याच्या उजवीकडून ठेवतात, प्लॅटरमधून, म्हणजे मोठ्या ताटातून, वाढायचं असेल तर डावीकडून. ट्रे धरायची सवय पाण्याने भरलेल्या सहा ग्लासांवर करा. जड वस्तू अंगाकडच्या बाजूला ठेवा आणि ग्लास काढताना सगळे एकाच बाजूचे काढू नका. तोल जातो तो तिथेच.

आकडे

फ्रंट ऑफिसमध्ये नुसतं हसून भागत नाही, गणित लागतं. १०० खोल्यांच्या हॉटेलात ७० खोल्या सरासरी ५,००० रुपयांना गेल्या तर हॉटेलातल्या दर उपलब्ध खोलीमागे ३,५०० रुपये आले. याला रेव्हपार म्हणतात. दर ४,२०० वर आणून ८० खोल्या भरल्या तर रेव्हपार ३,३६० होतो. हॉटेल जास्त भरलेलं दिसतं, पण पैसा कमी येतो आणि दहा खोल्यांच्या धुलाईचा, साबणाचा, विजेचा खर्च वर चढतो. किचनमध्ये तसंच फूड कॉस्टचं: १२० रुपयांचा माल लागलेली डिश ४०० ला विकली तर ३० टक्के. ज्याला ही दोन गणितं तोंडी करता येतात, त्याचं मॅनेजमेंट ट्रेनीच्या मुलाखतीत वजन पडतं.

मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. पाहुण्याशी होणारं बोलणं ठरावीक असतं: चेक-इन, ऑर्डर, तक्रार, बिल. प्रत्येकाचे पंधरा-वीस वाक्प्रयोग मोठ्याने म्हणून तोंडात बसवा. तक्रारीची वाक्यं सगळ्यात आधी, कारण घाबरल्यावर तीच अडतात.

ट्रेनिंगमध्ये

हॉटेल निवडताना नावासोबत महिने बघा. गोव्यात डिसेंबरात गेलात तर गर्दी सांभाळायला शिकाल, पण समजावून सांगायला कोणाला सवड नसेल. पावसाळ्यात पाहुणे कमी, शिकवणारे मोकळे. राहायची सोय, स्टायपेंड आणि रात्रीच्या शिफ्टनंतरची गाडी यांची माहिती लेखी घ्या. न घसरणारे, पुढून कडक असलेले बूट घ्या आणि महिनाभर आधी वापरून पायाला सवय करा. नऊ तास उभं राहायचं असतं.

लॉग बुक रोज त्याच रात्री लिहा. ‘आज किचनमध्ये मदत केली’ असं लिहू नका. कोणता पदार्थ, किती पोर्शन, कोणतं मशीन, काय बिघडलं आणि शेफने ते कसं सावरलं, हे लिहा. कॅम्पस मुलाखतीत ट्रेनिंगबद्दल प्रश्न येतात तेव्हा हीच वही उपयोगी पडते.

एका विभागातून दुसरीकडे जाताना, त्या विभागातल्या शेवटच्या दिवशीच अप्रेझल फॉर्मवर, म्हणजे तुमच्या कामाच्या मूल्यमापनाच्या कागदावर, विभागप्रमुखाची सही घ्या. ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यावर ढकललं तर तो विभागप्रमुख रजेवर असतो किंवा बदलून गेलेला असतो, आणि ज्याने तुमचं काम पाहिलंच नाही त्याच्याकडून शेरा लिहून घ्यावा लागतो.